ही ताडपत्री माझी आहे हं!

नाविलोसो बेट
८ नोव्हेंबर १९९३

नाही म्हणजे नाही, सेकोवे! आणि "ऐकून तर घे" असंही म्हणू नकोस. सुवाच्या धक्क्यावर ऐकलं की तुझं सगळं. बोट सुटली तरी टोकाला उभा राहून ओरडत होतास, "केलेराऽऽ, खुर्चीऽऽ!" बोटीवरच्या कोंबड्यासुद्धा माझ्याकडे वळून बघायला लागल्या.

खुर्ची तुझी तुला लखलाभ. संग्रहालयाच्या कोठारात तुझ्या शेजारचं टेबल रिकामं झालं, नोकरी कायमची आहे, वर पंखा आहे, हे मला पाठ झालंय. तू माझा मामेभाऊ आहेस, मला टोचून बोलायचा हक्क तुला जन्मापासूनचा. पण माझ्या आईला फितवायचा हक्क कोणी दिला? ती आता प्रत्येक वाक्यानंतर म्हणते, "मागच्या साली खड्ड्यात चक्कर येऊन पडलीस ना?" पडले. उठले पण! उठले ते कोणी सांगतच नाही.

ऊन आहे, हे मान्य. मोहीम प्रेंटिससाहेबांची, आणि त्यांच्या विद्यापीठाला सुट्टी लागते तेव्हाच आपल्याकडे उन्हाचा आणि वादळांचा मोसम येतो. तीन हजार वर्षं मातीत पडून राहिलेली खापरं यांच्या सुट्टीपर्यंत थांबतात, पण थंडीच्या महिन्यापर्यंत नाही थांबू शकत! सावलीला अख्ख्या मोहिमेत एक हिरवी ताडपत्री आहे. ती कॅमेरा, नकाशे आणि खापरांच्या पिशव्यांवर. माणसं बाहेर. साहेब स्वतःही उन्हातच असतात, भाजलेल्या खेकड्यासारखे लाल होऊन, त्यामुळे भांडायलाही मजा येत नाही. बायकांना आडोसा म्हणजे एक केवड्याचं झुडूप, आणि त्यात मुंग्या. पाऊस पडला की काम बंद, काम बंद की रोज बुडाला. तुला हे सगळं माहितीय. तुझी पाठ याच धंद्यात गेली.

यंदा मला बढती आहे, बरं का. पगार तोच, पण सगळं सामान माझ्या ताब्यात. बादल्या, चाळण्या, थाप्या, ताडपत्री, सगळं केलेराचं.

तर ऐक, पैज. खड्ड्यावर नाताळाच्या बोटीआधी सावली आली नाही, तर वीस डिसेंबरच्या बोटीने येते आणि बसते तुझ्या शेजारी मुकाट. आली, तर खुर्ची हा शब्द तू परत काढायचा नाहीस. कबूल?

ता. क. गावात आल्याआल्या रीतसर नजराणा म्हणून कावाची मुळं पुढे ठेवली, जमीन खणायची परवानगी मागितली. सरपंच इलिमेलेकींनी विचारलं, वडलांचं गाव कुठलं? म्हटलं, वाइतोलू. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग मागे बसलेली एक म्हातारी खुदकन हसली. संध्याकाळी माझी टोपी गायब. कसलं गाव आहे हे?

केलेरा

—

सुवा
१२ नोव्हेंबर

माननीय खड्डेश्वरी केलेराबाई,

कबूल. पण हरशील. साहेब लोक खड्ड्यावर सावली धरू देत नाहीत, हे मी तुझ्या आधी चार मोसम शिकलोय. मातीचा रंग खऱ्या उजेडात बघायचा असतो म्हणे.

पण राहू दे. इथलं सांगतो. पंखा फिरतोय. अकराला लिंबाच्या पानांचा चहा येतो, सोबत जाड बिस्किटं. पाठीखाली उशी आहे. मी खापरांची चित्रं काढतोय, एक खापर संपलं की दुसरं. कोणी बोलायला नाही, म्हणजे शांतता आहे. शांतता किती छान असते, तुला काय कळणार.

आत्याला मी फितवलेलं नाही. तिने विचारलं, मी मान हलवली. मानेवर कसला आलाय गुन्हा?

आता टोपीचं. मागू नकोस. पुढेही काही गेलं तर मागायचं नाही, रागवायचं नाही, आणि का ते मला विचारायचं नाही. हा थोरल्या भावाचा सल्ला समज. मी तुझ्याहून चार महिन्यांनी थोरला आहे हे तू दर वेळी विसरतेस.

वाइतोलू म्हणालीस ना? ठणकावून? वा. वा वा वा.

सेकोवे

—

नाविलोसो
२२ नोव्हेंबर

हलकट माणसा,

तुला माहीत होतं! "वा वा वा" काय!

टोपीनंतर साबण गेला. मग चपला. मग माझ्या डब्यातला अर्धा उकडलेला कसावा, आणि उरलेल्या अर्ध्याला एक दातांचा ठसा. खड्ड्याच्या काठावर बसून बायका माझ्यावर गाणं म्हणायच्या, त्यात मी चोराची नात, मोठ्या तोंडाची, लांब हाताची. मी तुझा सल्ला ऐकून दात-ओठ खात गप्प. शेवटी गुरुवारी त्या म्हातारीने, तोरिकाआजी तिचं नाव, माझी थापी उचलली आणि त्या थापीने रताळं सोलायला लागली. थापी! माझी! सात वर्षं घासून घासून माझ्या हाताला बसलेली! मी खड्ड्यातून बाहेर आले आणि सगळ्या गावासमोर ओरडले, तुम्ही सगळे चोर आहात.

केवढा आनंद झाला त्यांना! तोरिकाआजी हसून हसून चटईवर आडवी झाली. डोळे पुसत म्हणाली, "अगं बोलली! बोलली एकदाची! आम्हाला वाटलं वाइतोलूने मुकी पाठवलीय!"

तेव्हा कुठे कळलं. माझ्या वडलांच्या गावाचा मूळपुरुष आणि यांचा मूळपुरुष जिवलग दोस्त. दोघांनी एकदा ऑक्टोपस भाजला. यांचा पाणी आणायला गेला, परत आला तर पाय सातच. आठवा माझ्या पणजोबांच्या पणजोबांच्या पोटात. तेव्हापासून ही दोन गावं एकमेकांची थट्टेकरी. काहीही बोलायचं, एकमेकांची कुठलीही वस्तू उचलायची, आणि समोरच्याने रागवायचं नाही, मागायचं तर त्याहून नाही. फार तर उलट त्यांचं काहीतरी उचलायचं.

तू बेटाबेटांवर खणत हिंडलास, तुला ही नाती पाठ. मी सुवात वाढले, बाबा लवकर गेले, मला कोण सांगणार? तीन हजार वर्षांपूर्वी इथे कोण काय खायचं ते मी सांगू शकते, आणि माझ्या मूळपुरुषाने काय खाल्लं ते सगळ्या गावाला माहीत, मला नाही. हस. हसून घे.

मी लगेच आजीचा पंखा उचलला. ती इतकी खूश झाली की मला मिठीच मारली.

बाकी वाईट. उन्हाने माती खणल्याखणल्या वाळून पांढरी पडते. थर कुठे बदलला ते दिसतच नाही, सगळं एकच पीठ. माझ्या शेजारी खणणारा आपिसाई दिवसभर गुडघ्यांवर, म्हणतो माझे गुडघे पण तीन हजार वर्षांचे झाले. काल त्याला उलटी झाली. सावलीत नेऊन बसवायचं म्हटलं तर सावली नीरफणसाखाली, पार त्या टोकाला. मी साहेबांना परत विचारलं. "केलेरा, सावलीत रंग फसवतो. आणि ताडपत्री एकच आहे." संपलं.

पुढची ओळ माझी नाही, पेन ओढून घेतलं गेलंय.

*मामेभावा, तुझी बहीण बोलते फार आणि खाते त्याहून जास्त. आमचा आठवा पाय कधी पाठवताय? तोरिका.*

—

सुवा
२ डिसेंबर

खड्डेश्वरी,

हसलो. इतका हसलो की पाठीत चमक आली. तुझं पत्र पंख्याला वाचून दाखवलं, दुसरं कोण आहे इथे?

पण एक गोष्ट गंमत सोडून सांगतो. ही थट्टा फक्त तुझ्या आणि त्यांच्यामधली. ते तुझं उचलतील, तू त्यांचं. मी तुझ्या आईकडचा, मी त्यांचा कोणी लागत नाही. मी त्यांची काडी जरी उचलली तरी ती चोरी, आणि ती मला कावा घेऊन, खाली बसून, हातात परत द्यावी लागेल. प्रेंटिससाहेबांचंही तेच. त्यांच्या कॅमेऱ्याला ते हात लावणार नाहीत, पाहुणा आहे तो. तेव्हा कुठलं सामान तुझं आणि कुठलं साहेबांचं हे गावाला नीट कळू दे. नाहीतर उगाच गोंधळ व्हायचा.

आपिसाईला नारळाचं पाणी दे, मिठाची चिमूट टाकून. आणि उलटी झाल्यावर त्याला परत खड्ड्यात उतरू देऊ नकोस, साहेब काही म्हणोत. माझ्या वेळी असं म्हणणारं कोणी नव्हतं. ओल्या मातीच्या दोन बादल्या, बांबूची शिडी, वर पाऊस. मी नको म्हणालो असतो तर रोज बुडाला असता. गेलो वर. पुढचं तुला माहितीय.

असो. इथल्या मोठ्या साहेबांना नाताळाच्या आधी नाव कळवायचंय. ही खुर्ची गोल फिरते, सांगितलं होतं का? मी दिवसातनं तिला किती वेळा फिरवतो ते विचारू नकोस. शेजारची पण फिरवून बघितली. ती जास्त छान फिरते. तुझ्यासाठी धरून ठेवलीय.

सेकोवे

—

नाविलोसो
६ डिसेंबर

सेकोवे, घाई आहे, बोट थांबलीय.

ताडपत्री गेली.

काल रविवारी सगळं गाव प्रार्थनेला असताना. दोऱ्या व्यवस्थित सोडलेल्या, कॅमेरा आणि नकाशे शाळेत नेऊन सुके ठेवलेले, वर दगड. तोरिकाआजी प्रार्थनेला उशिरा आली आणि तिच्या केसात बांबूचं पान होतं. रविवारी काम करायचं नाही, पण हे काम नाही, करमणूक आहे, असं तिचं म्हणणं असावं.

साहेब जांभळे झालेत. याच बोटीने तुमच्या कचेरीला तक्रार पाठवतायत, "चोरी" असा शब्द घालून.

मी काहीही केलेलं नाही. शनिवारी ताडपत्री झटकताना एवढंच म्हणाले, जरा मोठ्याने, "ही ताडपत्री माझी आहे हं! माझ्या ताब्यात दिलीय! कोणी हात लावायचा नाही!" तीनदा म्हणाले असेन. गावाला नीट कळायला नको? तूच म्हणालास.

के.

—

सुवा
१६ डिसेंबर

केलेरा,

हे गमतीचं पत्र नाही. मी असं म्हणालो नव्हतो. म्हणजे म्हणालो होतो, पण असं नव्हे!

तक्रार आली. कचेरीत धावपळ. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं, ही केलेरा तुझी बहीण ना, हिच्या ताब्यातलं सामान चोरीला कसं जातं? मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, वाइतोलू, नाविलोसो, ऑक्टोपस. ते गंभीर चेहऱ्याने ऐकत होते. मग दार लावायला सांगितलं आणि टेबलावर डोकं ठेवून हसले. त्यांच्याही बायकोचं माहेर असल्याच एका गावाशी बांधलेलं आहे, गेल्या नाताळात त्यांचं डुक्कर गेलं. तक्रारीवर त्यांनी लिहिलं, "स्थानिक पातळीवर मिटेल."

पण केलेरा, प्रेंटिस पुढच्या मोसमात तुला घेतील? एकदा नावापुढे असं काही लागलं की मोहिमांवरचे लोक विसरत नाहीत. या धंद्यात आपलं काय असतं, या मोसमापासून त्या मोसमापर्यंत? एक माणूस नाराज झाला की संपलं. आता खरंच खुर्ची घे. पैज हरलीस म्हणून नको घेऊस, माझ्यासाठी घे.

हे मी लिहिणार नव्हतो. पण इथे दिवसभर फक्त खापरं आहेत गं. मी त्यांच्या कडा काढतो, जाडी मोजतो, आणि ती मातीतून निघाली तेव्हा कोण काय ओरडलं, कोणाला आधी दिसलं, हे कोणी लिहून पाठवत नाही. तू आलीस तर निदान भांडायला कोणीतरी असेल.

वीसच्या बोटीने नीघ. मी धक्क्यावर येतो.

सेकोवे

—

नाविलोसो
२० डिसेंबर

सेकोवे, धक्क्यावर उभा असशील तर आधी कडेला सावलीत जा, मग वाच. मी बोटीत नाहीये. शोधू नकोस.

तक्रार पाठवली त्याच दुपारी साहेब मला दुभाषी म्हणून घेऊन सरपंचांकडे गेले. ताडपत्री परत द्या. इलिमेलेकींनी शांतपणे विचारलं, "कोणाची होती?"

"मोहिमेची. केलेराच्या ताब्यात होती."

"केलेराची ना? मग आमची झाली."

साहेब माझ्याकडे वळले. "परत माग!"

मी म्हटलं, "साहेब, मागता येत नाही. फार तर त्यांचं काहीतरी उचलू शकते. कोंबडी आणू?"

तेवढ्यात बाहेर गलका. बघतो तर बायका बांबू घेऊन चालल्यात, पुढे तोरिकाआजी, डोक्यावर माझी टोपी. थेट खड्ड्यावर. चार बांबू रोवले, वर ताडपत्री ताणली, सगळा खड्डा झाकून दोन हात बाहेर. खाली चटया टाकल्या आणि बसल्या विणायला. साहेब धावत आले, हे काय! तोरिकाआजी म्हणाली, "आम्हाला रोज बघायचं असतं पोरं काय खणतात. ऊन लागतं आम्हाला. म्हाताऱ्या बायका आम्ही."

"पण उजेड! मातीचा रंग!"

इलिमेलेकी मागून आले आणि म्हणाले, मी शब्दन् शब्द भाषांतर केलं, "साहेब, जमीन आमची, ताडपत्री आमची, सावली आमची. खड्डा तेवढा तुमचा. खणा की."

साहेब दोन दिवस शाळेत नकाशांपाशी फुगून बसले. आम्ही सावलीत खणत होतो, सेकोवे! बायका वर बसून आमच्या पार्श्वभागांवर टीका करत होत्या, आपिसाईच्या तर फारच. पण सावलीत. आपिसाई दुपारी गाणं म्हणायला लागला. सात मोसमांत मी त्याला गाताना ऐकलं नव्हतं.

आणि मग. बुधवारी मी थापीने (हो, परत उचलली, रताळ्यासकट) तळ खरवडत होते. माती ओलसर होती. वाळली नव्हती, पांढरी पडली नव्हती, कारण ऊनच नव्हतं. आणि पिवळ्या मातीत मला एक काळा गोल दिसला. ताटलीएवढा. मग हातभर पुढे दुसरा. मी ओरडले. आपिसाईला तिसरा दिसला, तो माझ्याहून मोठ्याने ओरडला, आणि वरून तोरिकाआजी म्हणाली, "ते बघा, तिकडे पण, आंधळ्यांनो!" घराचे खांब, सेकोवे! लाकूड कुजलं, खळग्यांत काळी माती भरली. ओळीने चाललेत, टोकाला वळतात. अख्खं घर! आम्ही तीन आठवडे त्याच्यावर पाय देऊन उभे होतो, आणि उन्हात ते पीठ होऊन आमच्यासमोर पुसलं जात होतं.

आता कळलं ना, कोण काय ओरडलं ते? घे, लिहून पाठवलं.

साहेब खाली उतरले. गुडघ्यांवर बसले. एकेका गोलावर बोट फिरवलं. मग चष्मा काढून पुसला आणि मला हळूच म्हणाले, "त्या बायकांना विचारशील का, ताडपत्री थोडी पश्चिमेला सरकवता येईल?"

मी म्हटलं, मला मागता येत नाही.

तर काल संध्याकाळी प्रेंटिससाहेब कावाची मुळं घेऊन, मांडी घालून, पाय आखडून, तोरिकाआजीसमोर बसले आणि रीतसर सावली मागितली. माणूस सरळ आहे रे, उगाच म्हणायचं नाही. आजीने ताणलं थोडं. मग तिने अट घातली, ज्या दिवशी पाऊस पडेल त्या दिवशी पोरांनी ताडपत्रीखाली बसून खापरं धुवायची, घरी पाठवायचं नाही. म्हणजे रोज बुडणार नाही. ही अट मी तिला सांगितलेली नव्हती, शपथ. मी फक्त तिच्या चुलीजवळ बसून आपिसाईशी त्याबद्दल बोलत होते. मोठ्याने.

साहेबांनी मान्य केलं. पुढच्या मोसमाच्या सामानात तीन ताडपत्र्या लिहिल्यात. तिन्ही केलेराच्या नावावर. म्हणाले, "म्हणजे त्या जाणारच असतील तर योग्य ठिकाणी जातील." मला घेतायत पुढच्या मोसमात. पैज मी जिंकले.

तेव्हा खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी दे. दोन्ही दे.

कारण असं आहे, या खळग्यांचा नकाशा काढायला माणूस हवाय. प्रत्येक खळग्याची कड, उतार, मातीचा फरक, हलक्या हाताने. साहेबांनी विचारलं, असं कोण काढतं? मी आणि आपिसाईने एकदमच तुझं नाव घेतलं. बादली उचलायची नाही, शिडी चढायची नाही. काठावर बसायचं, सावलीत, बायकांच्या मधोमध. तोरिकाआजीने पाठीला टेकायला चटईची वळकटी करून ठेवलीय. गोल फिरत नाही, पण त्यावर बसलेल्या माणसाला दिवसभर शिव्या मिळतात. जानेवारीच्या तीन तारखेच्या बोटीवर जागा आहे, मी विचारलंय.

यायचं नाही म्हणशील. म्हणून सोबत एक पुडकं पाठवतेय. केळीच्या पानात बांधलंय, वास येईल, घाबरू नकोस. काल रात्री मोठं जेवण झालं, मला मानाने ऑक्टोपस वाढला. पाय मोजले. सात! अख्खं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी सातही पाय चवीने खाल्ले, हात धुतले, आणि आज सकाळी आजीच्या चुलीवर धुरात वाळत टांगलेला आठवा उचलला.

तोच तुझ्या हातात आहे.

माझ्याकडे असता तर ठीक होतं, मी वाइतोलूची, मला माफ आहे. पण तू तर माझ्या आईकडचा. तू यांचा कोणी लागत नाहीस. तुझ्या हातात ती चोरी आहे, सेकोवे, आणि ती कशी परत करायची असते ते तूच मला लिहिलं होतंस. कावा घेऊन, खाली बसून, हातात. आजीला मी सांगून ठेवलंय पाय कोणाकडे गेला ते. ती इथल्या धक्क्यावर बसणार आहे.

बोटवाला भोंगा वाजवतोय. आपिसाई खालून ओरडतोय की चौदावा खळगा दिसला. "पण" म्हणायला तोंड उघडलंयस ना? मिटून घे. ऐकायला मी तिथे नाहीये.

खड्ड्याकडे निघाले!